आधी पूजा, मग झाकण

…तर ग्यानोबाचं मशीन पहिल्याच ओळीला बोंबलायला लागलं, इथपर्यंत काल सांगून झालं होतं. ग्यानोबा ट्रॅक्टरवरून उतरला, मागं जाऊन वाकून बघितलं, तर पेटीत हरभरा काठोकाठ भरलेला. वर चढला, गाडी हाणली, पुन्हा बोंब. असं सात वेळा. आठव्या वेळी त्यानं कंपनीला फोन लावला आणि तिकडून गोड आवाजात कुणीतरी म्हणालं की आपला फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. त्यावर ग्यानोबा काय बोलला ते काल सांगितलंच. आज लिहीत नाही, कारण हे कागदावर येणार आहे आणि घरात लेकीसुना वाचतात.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं येतो. ही गोष्ट ग्यानोबाची नव्हे, ही माझ्या नातीची, मंजुषाची. मी धोंडप्पा, शिरूर अनंतपाळ तालुक्यातला, गावच्या शाळेत सातवीपर्यंत गेलेला. सहा महिन्यांमागं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून लातूरला मंजुषाच्या खोलीवर असतो. ती कामावर जाते, मी तिची वाट बघतो, आणि ती आली की दिवसभराची तक्रार ऐकतो. त्यामुळं पुढचं जे आहे ते निम्मं कानानं ऐकलेलं आहे आणि निम्मं नव्या डोळ्यांनी बघितलेलं.

मंजुषा नांदेडला पत्रकारितेचं शिकली आणि तिथल्याच एका दैनिकात लागली. आठ वर्षं. उमरीकडचा सगळा मुलूख तिच्या स्कूटीखाली होता. एकदा त्या भागातल्या एका गावात नळयोजनेचं उद्घाटन होतं. मांडव, फेटे, फीत, दीड तास भाषणं. बाकीचे वार्ताहर फोटो काढून, पेढा खाऊन निघाले. ही मागं राहिली, मांडवाच्या पलीकडं गेली आणि तोटी फिरवली. तोटीनं फुस्स केलं आणि एक झुरळ बाहेर टाकलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत उद्घाटन होतं, हिच्या पेपरात झुरळ होतं. मी तो अंक अजून ट्रंकेत ठेवलाय. आलागेला पाहुणा बसला की काढतो.

तिच्या ऑफिसात एक जुने उपसंपादक होते, लाल पेनवाले. बातमी नेली की ते वाचायच्या आधी विचारायचे: हे कुणी सांगितलं, अजून कुणी सांगितलं, आणि तू स्वतः बघितलंस का. तीन प्रश्न. पोरीला सुरुवातीला रडू यायचं. पुढं ती स्वतःच तसं विचारायला लागली, आणि घरी आली की आम्हालाही. आमच्या घरात त्या वर्षीपासून कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा बैल विकला, काहीही सांगायची सोय राहिली नाही. माझ्याच एका जुन्या गोष्टीत तिनं नदीला पूर कोणत्या साली आला ते काढलं आणि त्या साली मी चार वर्षांचा होतो असं दाखवून दिलं. ती गोष्ट मी आता सांगत नाही.

तिची अजून एक खोड सांगतो, पुढं तीच कामाला आली. समोरचा बोलून थांबला की ती लगेच दुसरं विचारत नाही. पेनाचं टोपण काढते, लावते. काढते, लावते. समोरच्या माणसाला ती शांतता सोसत नाही आणि तो स्वतःहून अजून चार वाक्यं बोलतो. मला तर चारशे सुचतात.

पुढं पेपरानं हात आखडला. नांदेडच्या ऑफिसात नऊ माणसं होती, तीन ठेवली. मंजुषा काढलेल्या सहांतली. वर्षभर इकडंतिकडं केल्यावर तिला लातूरच्या एमआयडीसीत एका पेरणी यंत्राच्या कारखान्यात काम मिळालं. हुद्दा टेक्निकल रायटर. मी विचारलं, म्हणजे काय ग. म्हणाली, मशीनसोबत जे पुस्तक येतं ना अज्जा, ते लिहिणारी. मला इतका आनंद झाला की काय सांगू, कारण त्या माणसाला मला आयुष्यात एकदा गाठायचंच होतं.

कामून म्हणाल तर ऐका. आमच्याकडं फवारणीचा पंप आणला होता. त्याच्या पुस्तकात लिहिलं होतं, द्रवप्रवाह नियंत्रक घुंडी दक्षिणावर्त परिभ्रमित करावी. मी ते पुस्तक घेऊन तीन गुरुजींकडं गेलो. पहिले म्हणाले संस्कृत आहे. दुसरे म्हणाले छापायची चूक आहे. तिसरे बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, धोंडप्पा, आधी शेतात दक्षिण कुठं येते ते बघून घ्या. मी होकायंत्र शोधत फिरत होतो, तोवर शेजारच्यानं तोटी उजवीकडं पिळली आणि फवारून मोकळा झाला. आणि हे पुस्तकातलं बाराव्या पानावरचं. त्याआधी काय, तर मालकाचा फोटो, मालकाच्या वडिलांचा फोटो, अभिनंदन, कंपनीचा इतिहास आणि सतरा भाषांतला इशारा. ज्याचं रान वाळून चाललंय तो माणूस बाराव्या पानापर्यंत जिवंत पोचतो का, हे कुणी बघतच नाही.

मंजुषानं ते बघितलं. पेपरात बातमीचं पहिलं वाक्य असतं ना, ज्यात सगळा जीव असतो, तसं तिनं पुस्तकाचं पहिलं पान केलं. मशीन दारात आलंय, आता पहिलं काय करायचं. मालकांचा, म्हणजे दयानंद साहेबांचा फोटो तिनं उचलून शेवटच्या पानावर नेला. साहेब दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, फोटो तिथंही बरा दिसतो.

पण खरा वैताग होता तो उमाशंकर साहेबांचा. हे मशीन बनवणारे इंजिनीयर. माणूस वाईट नाही, दुपारी डबा वाटून खाणारा. फक्त त्यांना असं वाटायचं की मशीन त्यांच्या डोक्यात जसं चालतं तसंच सगळ्या मुलखात चालतं. रोज संध्याकाळी मंजुषा आली की चप्पल काढायच्या आधी मला त्यांचं बयान ऐकवायची. तिनं विचारलं, हे लाल बटण दाबलं नाही तर काय होतं. ते म्हणाले, दाबायचंच असतं. ती म्हणाली, पण कुणी नाही दाबलं तर. ते म्हणाले, का नाही दाबणार. असा अर्धा तास. शेवटी तिनं स्वतः जाऊन मशीन चालू केलं, बटण दाबलं नाही, आणि पट्टा तुटला. तर ते म्हणाले, बघा, म्हणून दाबायचं असतं.

आता मशीनचं थोडं समजून घ्या, फार नाही. ट्रॅक्टरमागं जोडायचं पेरणी यंत्र. वर बियाण्याची पेटी, तिच्यातून सात नळ्या खाली जमिनीत. प्रत्येक नळीत काचेचा एक बारीक दिवा, तो बी पडतं का नाही ते बघतो. बी दिसलं नाही की मशीन बोंबलतं आणि थांबतं. नळ्यांना वर झाकणं, आत काही अडकलं का ते उघडून बघायला. झालं. माझ्यासारख्या सातवीवाल्याला कळलं, म्हणजे तुम्हालाही कळलं.

या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर अशी बारा मशीनं पहिल्यांदा गिऱ्हाइकांच्या दारात गेली, नांदेड-लातूर दोन जिल्ह्यांत मिळून. हरभऱ्याची पेरणी सुरू झाली आणि चार दिवसांत नऊ तक्रारी आल्या. सगळ्या सारख्याच: पहिल्या ओळीला मशीन बोंबलतं. कंपनीचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी जायचा, तर मशीन सुरळीत. त्यानं नऊच्या नऊ फॉर्मांवर लिहिलं, दोष आढळला नाही. आणि खाली उमाशंकर साहेबांनी भर घातली, वापरणाऱ्याने पुस्तक वाचले नसावे.

शेडमध्ये अजून चाळीस मशीनं पाठवायची थांबलेली. दयानंद साहेबांनी मंजुषाला बोलावलं. तिचे चाचणीचे सहा महिने येत्या सोमवारी भरत होते. साहेबांनी आवाज चढवला नाही, पण सांगितलं ते स्वच्छ सांगितलं: पुस्तक लोकांना कळत नसेल तर वेगळा माणूस ठेवण्यात अर्थ नाही, पूर्वीसारखं पुण्याच्या एजन्सीकडून करून घेऊ. सोमवारपर्यंत बघ.

मंजुषानं तीन दिवस बाहेर जाऊ द्या म्हणून सांगितलं. उमाशंकर साहेब म्हणाले, कशाला, फॉर्म भरलेत की. फॉर्मात आठ रकाने होते. मालकाचं नाव, ड्रायव्हरचं नाव, गाव, तारीख, ट्रॅक्टर कोणता, बियाणं कोणतं, बियाण्याला औषध चोळलं होतं का, काही वेगळं केलं का. शेवटच्या रकान्यात नऊ जणांनी एकच लिहून दिलं होतं: नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही लातूरहून निघालो. आम्ही म्हणजे मी सुद्धा. माझी धाकटी बहीण उमरीत दिलेली आहे, ही सबब पुरेशी होती. अहमदपूरच्या स्टँडवर चहा घेताना मंजुषा म्हणाली, अज्जा, तिथं मधे बोलायचं न्हाई. मी म्हणालो, मी कधी बोलतो. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं.

ग्यानोबाचं गाव उमरीपासून जवळच. ओसरीवर बसलो. ग्यानोबा आधी कंपनीवर अर्धा तास बोलला, ते तिनं सगळं ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. मग म्हणाली, काका, काय बिघडलं ते नका सांगू. त्या दिवशी सकाळी उठल्यापासून सांगा.

ग्यानोबा उठला. तोंड धुतलं. चहा घेतला. म्हशीचं झालं. आंघोळ केली. हरभऱ्याला आदल्या दिवशी औषध आणि गुळाचं पाणी चोळून ठेवलं होतं, ते पेटीत ओतलं. ट्रॅक्टर काढला आणि निघाला. एवढं सांगून थांबला. टोपण निघालं, लागलं. निघालं, लागलं. मला इतकं बोलावंसं वाटत होतं की मी माझ्या धोतराचा सोगा तोंडात धरला होता.

मग ग्यानोबा म्हणाला, म्हणजे लगेच न्हाई निघालो. थोडा वेळ मशीन दारात उभं होतं.

दारात कोण होतं, तिनं विचारलं.

कोण म्हणजे, घरचीच. बायको.

मंजुषा वही घेऊन उठली ती सरळ आत चुलीपाशी. ग्यानोबाची बायको सिंधु तिथं मेथी निवडत बसली होती. मंजुषा समोर बसली, चार काड्या आपणही हातात घेतल्या. मी दाराशी. सिंधुबाई म्हणाली, मला कुणी काही विचारलंच न्हाई की बाई, ते साहेब आले ते बाहेरच्या बाहेर गेले.

तिनं सांगितलं ते असं. पेरणीला निघायच्या आधी तिफनीच्या चाड्याची पूजा असते. चाडं म्हणजे बैलांनी ओढायच्या तिफनीवरचं लाकडी वाडगं, ज्यात मुठीनं बी सोडतात. तिच्या सासूनं केली, तिनं केली. आता तिफन गेली, मशीन आलं, म्हणून पूजा सोडायची का. चाड्याला एकच तोंड असायचं, ह्याला सात. म्हणून सातही तोंडांत तिनं हळद टाकली, कुंकू टाकलं, तांदूळ टाकले, आणि सात मुठी बी सोडलं. काही कमी नको.

मंजुषानं हळूच विचारलं, पण काकू, नळ्यांना तर झाकणं हायती ना.

सिंधुबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. "झाकणं उघडीच होती की. तुमच्याच पुस्तकात लिवलंय. आमच्या पोरीनं, ऋतुजानं, तीन बार वाचून दाखवलं. निघायच्या आधी घरीच सातही झाकणं उघडा आन् आत काही अडकलं न्हाई ना ते बघा. आमी बगितलं. आन् उघडीच हायती तर पूजा करून घ्यावी म्हणलं."

आत गुळाचं ओलसर बी, वर हळदकुंकू. काचेवर जाऊन चिकटणार नाही तर काय होणार. दिवे आंधळे झाले, म्हणून मशीन बोंबलत होतं. आणि दिवसभर ओढत ओढत पेरलं की पडणारं बीच काचा घासून पुसून काढत होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला काही सापडत नव्हतं. आणि त्या शेवटच्या रकान्यात सगळे नाही लिहीत होते, ते खोटंही नव्हतं. पेरणीच्या दिवशी पूजा केली हे वेगळं कसं होईल. नसती केली तर वेगळं झालं असतं.

मी तर आनंदानं उभाच राहिलो. मंजुषानं मात्र वही मिटली. बाहेर आल्यावर म्हणाली, अज्जा, ते वाक्य माझं हाय. उमाशंकर सरांच्या कागदात झाकणं शेतात उघडा असं होतं. घरी निवांत बघता येईल म्हणून मीच शेतात खोडून घरी केलं.

मी म्हणालो, मग हे कुणाला सांगायची काय गरज हाय. हळदीचं सांग, झाकणाचं राहू दे. सोमवारी नोकरी पक्की होईल.

तिनं वही पिशवीत टाकली. टोपणही काढलं नाही.

मला वाटलं आता बहिणीच्या घरी जाऊन जेवावं. पण नाही. तिला तक्रार न केलेलं घर बघायचं होतं. ज्याचं बिघडलं नाही त्याला कशाला विचारायचं, मी म्हणालो. तर म्हणाली, तिथंच तर कळतं. पायाचे तुकडे पडले, पण गेलो. जवळच्याच दुसऱ्या गावात पंचशीलाबाईची पाच एकर जमीन. नवरा वीज मंडळात, शेती हीच बघते, ट्रॅक्टरही हीच हाकते. तिचं मशीन पहिल्या ओळीपासून सरळ चाललं होतं. बियाण्याला तेच औषध, तेच गुळाचं पाणी. झाकणंही घरीच उघडलेली, पुस्तकात लिहिल्याप्रमाणं. मंजुषानं सकाळी उठल्यापासून विचारलं. पंचशीलाबाई म्हणाली, आमच्यात हळदकुंकू न्हाई ताई, बुद्धवंदना घेतली, मेणबत्ती लावली आन् रानात गेले. मग हसून म्हणाली, कामून, मशीनला मेणबत्ती चालती ना. मंजुषा म्हणाली, लई चांगली चालती.

म्हणजे औषध नाही, गूळ नाही, नुसतं झाकणही नाही. झाकण आणि हळदकुंकू, दोन्ही एका जागी आली की बोंब. दुसऱ्या दिवशी परत येताना शिरूर अनंतपाळकडं वाट वाकडी करून तक्रारीच्या यादीतल्या दानम्माच्या घरी गेलो. दानम्मा सिंधुला ओळखत नाही, सिंधुनं दानम्माचं नाव ऐकलेलं नाही, आणि तिनं सगळं तसंच सांगितलं, फक्त तिनं भस्माची बोटंही ओढली होती. लाल पेनवाले असते तर म्हणाले असते, आता छापा.

सोमवारी सकाळी दहाला मंजुषाचा फोन आला. खिडकीतली निळी वही विसरलीय, रिक्षानं घेऊन या. मी धुतलेली टोपी घातली. कारखान्यावर पोचलो तर ती साहेबांच्या खोलीत होती. दयानंद साहेब म्हणाले, या बसा अज्जा, तुमच्याच वहीची वाट बघून राहिलोय. मी कोपऱ्यात बसलो. मधे बोलायचं नाही हे ठरलेलं होतं.

मंजुषानं वही उघडली आणि ज्यानं जे म्हटलं ते त्याच्याच शब्दांत वाचलं. ग्यानोबाचं, सिंधुबाईचं, पंचशीलाबाईचं, दानम्माचं. मग एक कागद पुढं ठेवला. पुस्तकाचं पहिलं पान बदललं होतं. त्यावर मोठ्या अक्षरात एक ओळ: आधी पूजा, मग झाकण. खाली बारीक: नळ्यांची झाकणं घरी उघडू नका, शेतात पहिल्या ओळीला उघडा.

उमाशंकर साहेब हसले. म्हणाले, मशीनमध्ये कुंकू कोण टाकतं, काहीतरीच. आणि टाकत असतील तर टाकू नका असं लिहा. तांत्रिक पुस्तकात पूजा छापली तर पुण्यामुंबईत आपलं हसं होईल.

मी एवढंच बघत होतो की त्यांच्या मांडीवर लॅपटॉप आहे आणि त्याच्या झाकणावर कुंकवाचा टिळा आहे. खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली होती, त्यातलाच. कडेला झेंडूची एक पाकळीसुद्धा चिकटलेली. दयानंद साहेबांनी ते बघितलं, मंजुषानं बघितलं, आणि मग उमाशंकर साहेबांनीही खाली बघितलं. त्यांनी टिळ्यावर हात ठेवला. मला बोलायचं होतं, पण मी टोपी हातात घेऊन तिच्याकडं बघत बसलो.

मंजुषा म्हणाली, टाकू नका असं लिहिलं तर सर, पुस्तक बंद होईल, पूजा न्हाई होणार. चला, बघूनच घेऊ.

मग सगळे शेडमध्ये. तिनं गेटजवळच्या गणपतीपुढची हळदकुंकवाची वाटी आणली. एका मशीनची झाकणं बंद ठेवून वरून हळदकुंकू टाकलं, ओलसर हरभरा भरला, ट्रॅक्टर चालू केला. सुरळीत. दुसऱ्याची झाकणं उघडली, सिंधुबाईनं केलं तसं सातही नळ्यांत केलं. ट्रॅक्टर दहा पावलं गेला नाही तोच असं बोंबललं की गेटवरचा वॉचमन पळत आला. उमाशंकर साहेब वाकले, खिशातला रुमाल काढला, नळीत बोट घालून काच पुसली आणि पिवळं झालेलं बोट उजेडात धरलं. मग स्वतःशीच म्हणाले, हे ड्रॉइंगमध्ये नव्हतं. सहा महिन्यांत त्या माणसाचं मला पटलेलं हे पहिलं वाक्य.

इथं थांबली असती तर भागलं असतं. चूक हळदीची ठरली होती, पूजेची ठरली होती, नऊ घरांची ठरली होती. मी मनात म्हणत होतो, पोरी, आता गप्प बस. पण तिनं वहीच्या मागच्या पानावरून अजून एक कागद काढला. म्हणाली, साहेब, घरी झाकणं उघडा हे वाक्य मूळ कागदात नव्हतं, ते मी घातलं. लोकांनी पुस्तक वाचलं न्हाई असं फॉर्मावर लिहिलंय, ते खोटं हाय. त्यांनी वाचलं म्हणूनच बिघडलं. पेपरात आमची चूक झाली की ज्या पानावर चूक त्याच पानावर खुलासा छापायचो. म्हणून नऊ घरांना हा कागद गेला पाहिजे, पुस्तक लिहिणारीची चूक होती म्हणून. आणि खाली माझी सही राहू द्या.

दयानंद साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मला वाटलं, पुण्याची एजन्सी आली. उमाशंकर साहेबांना तर तोंड उघडायला इतकी चांगली संधी पुन्हा मिळाली नसती, पण ते रुमालानं बोट पुसत राहिले आणि म्हणाले, काचेवर एक जाळी बसवता येईल, पुढच्या वेळी. मी त्या क्षणी त्यांना सगळं माफ केलं.

साहेबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. पहिल्या पानाचा कागद हातात तसाच होता. त्यावरची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली, मान हलवली आणि विचारलं, माझा फोटो कुठाय. मंजुषा म्हणाली, शेवटच्या पानावरच हाय. ते म्हणाले, राहू दे तिथंच.

मग शेडच्या दुसऱ्या टोकाला हात केला. तिकडं ताडपत्रीखाली फवारणीचं नवं यंत्र उभं होतं, उन्हाळ्यानंतर बाजारात जायचं. त्याचं पुस्तक अजून कुणाला दिलेलं नव्हतं. माझ्या मनात तो जुना पंप आला, ती घुंडी, ते तीन गुरुजी, आणि मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात साहेबांनी मंजुषाला विचारलं, हे पुस्तक लिहायला तुला किती दिवस लागतील.

तिनं टोपण लावलं. आणि म्हणाली:

"लिहायला दोन दिवस लई झाले, साहेब. पण त्याआधी हे यंत्र ज्यांच्या दारात उभं राहणार हाय, त्या घरांची यादी द्या, मी जाऊन येते. आन् ह्या बार आधी चुलीपाशी बसते, ओसरीवर नंतर."